दोन ते चारचा पहारा

चैत्रातल्या सप्ताहाची यादी आप्पासो लिहायचा.

पलूस मागं टाकून माळाला लागलं की खडेवाडी लागते. शंभर-सव्वाशे उंबरा, मधोमध विठोबाचं देऊळ, देवळापुढं कडुनिंबाचा पार. सप्ताह म्हणजे सात दिवस देवळातलं नाम थांबू द्यायचं नाही. एकानं गळ्यात वीणा अडकवून देवापुढं उभं राहायचं, तार छेडत राहायची, तोंडानं नाम घ्यायचं. दोन तास झाले की दुसरा येतो, पहिल्याच्या गळ्यातली वीणा काढून आपल्या गळ्यात घालतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. या दोन-दोन तासांना पहारा म्हणतात. बारा पहारे, बारा माणसं. कुणी कोणत्या वेळी उभं राहायचं ते आप्पासो ठरवायचा आणि कागद देवळाच्या बाहेरच्या खांबाला चिकटवायचा.

चौसष्ट साली तो पलटणीतून पेन्शनीवर आला, तेव्हापासून हे काम त्याच्याकडं होतं. अक्षर चांगलं होतं, आणि कंपनीत त्यानं पंधरा वर्षं हेच केलेलं होतं. कुणाला कोणत्या ठाण्यावर उभं करायचं, कुणाच्या मागं कुणाला पाठवायचं. देवावर मात्र त्याचा विश्वास उरलेला नव्हता. बासष्ट साली बर्फात त्यानं जे बघितलं त्यानंतर तो हात जोडायचा ते चारचौघं जोडतात म्हणून. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, सुलाबाईलासुद्धा नाही.

यादी मात्र तो मन लावून लिहायचा. बांधावरून डोकी फोडून घेतलेले दोन भाऊ असले तर त्यांचे पहारे पाठोपाठ लावायचा, म्हणजे सात दिवसांत सात वेळा एकाला दुसऱ्याच्या गळ्याशी हात न्यावाच लागायचा. संध्याकाळ झाली की ज्याचे पाय गुत्त्याकडं वळायचे, त्याला सहा ते आठ. लोकांना वाटायचं, आप्पा असेल तशी नावं बसवतो. पखवाज वाजवणारा कोंडीबा तेवढा एकदा म्हणाला होता, "आप्पा, तू यादी लिवतूस का दवापानी करतूस रं?"

सगळ्यात अवघड पहारा दुपारी दोन ते चारचा. देवळात चिटपाखरू नसतं, पत्रा तापलेला असतो, आणि उभ्या माणसाचे डोळे मिटायला लागतात. तो पहारा नऊ वर्षं आकाराम करत होता. मागून घेतलेला. "माजा आवाज फाटका," तो म्हणायचा. "माणसं असत्याली तवा गायलो तर उठून जात्याली. दुपारी आपला इठोबा एकटा असतुया, त्याला पळून जाता येत न्हाई." आकारामाचं घर देवळाच्या अगदी मागं होतं. पाच एकर माळाची जमीन, दोन शेळ्या, बायको राहीबाई आणि एकुलता मुलगा ज्ञानू.

त्र्याहत्तर साल होतं. पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवलेली. सगळं गाव दुष्काळी कामावर पाझर तलाव खणायला जात होतं. पहाटे जायचं आणि ऊन चढलं की परत यायचं. सप्ताहाला पाच दिवस राहिले होते तेव्हा तलावाच्या कडेची मुरमाची दरड खाली आली आणि ज्ञानू तिच्याखाली गेला. वीस वर्षांचा होता. त्या दिवशी खाली उतरून खणायची पाळी खरं तर आकारामाची होती. कंबर धरली म्हणून त्यानं मुलाला उतरवलं होतं.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी आकाराम आप्पासोच्या दारात आला. डोक्यावरचे केस काढलेले, डोळे कोरडे.

"आप्पा, यादी झाली?"

"झाली."

"माजं दोन ते चार हाय न्हवं?"

आप्पासोनं कागद पुढं केला नाही. "सुतक हाय गड्या. लोक बोलत्याली. औंदा ऱ्हाऊ दे. घरात बस, जरा इसावा घे."

"घरात बसून काय करू?"

"फुडल्या साली हायच की तुजं नाव," आप्पासो म्हणाला.

आकाराम पुढं झाला आणि त्यानं कागद स्वतःच उचलला. वाचता येत नव्हतं, पण आपली ओळ कितवी ते त्याला ठाऊक होतं. पाचव्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "हितं कोन?"

"कोंडीबा."

"त्यो झोपंल," आकाराम म्हणाला. कागद जपून खाली ठेवला आणि निघून गेला.

आप्पासोचा ना देवावर विश्वास, ना सुतकावर. पण लोकांचा आहे, असं धरून त्यानं नाव काढलं होतं. देवळाचे पंच नानासो. ते काय म्हणतील हे त्यानं मनातच ठरवून टाकलं, त्यांना विचारलं नाही. आणि थोडी दयाही होती. मुलगा जाऊन पाच दिवसही न झालेल्या माणसाला तापल्या पत्र्याखाली दोन तास कशाला उभं करायचं.

सप्ताह लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला आकाराम घरातून उठला आणि रानात गेला. त्याच्या विहिरीला पाणी नव्हतं. खाली नुसता खडक होता.

गाव रानाकडं धावलं. चारचा माणूसही धावला, त्यामुळं कोंडीबाची वीणा उतरवून घ्यायला कुणी आलं नाही. बाहेर काय झालं ते त्याला कळलं होतं. वीणा खाली ठेवता येत नव्हती. सहाचा गडी येईपर्यंत तो नाम घेत उभा राहिला, आणि तो आला तेव्हा कोंडीबाचे पाय लाकडासारखे झाले होते.

पंचनामा झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली. राहीबाईचा शिराळ्याकडचा भाऊ आला होता. "चल माज्याबरं," म्हणाला. ती नाही म्हणाली. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती.

संध्याकाळी सुलाबाई राहीबाईकडून आली ती चुलीपाशी न जाता आप्पासोपुढं येऊन उभी राहिली.

"राहीनं शेळ्या शेजारच्या तानुबाईला देऊन टाकल्या."

"आसं?"

"आसं काय? घर झाडून काडलंय. भांडी घासून पालती घातल्याती. मी भाकरी न्हेली तर म्हनली, ठिवा, बगू. तिचं बोलनं मला बरं लागत न्हाई. लय शांत बोलतीया."

आप्पासो उठला, पायात वहाणा घातल्या आणि पाराकडं गेला. तिथं नानासो बसले होते, शेजारी कोंडीबा पाय चोळत होता. देवळात सहा ते आठचा पहारा चालू होता.

"नानासो, उद्यापासनं दोन ते चारला राहीबाईचं नाव घालतो," आप्पासो म्हणाला.

"ऊन लागलंय काय तुला?" नानासो म्हणाले. "दोन-दोन सुतकं हाईत घरात. त्यात बाईमानूस. त्यात इहिरीतलं मरान."

"सुतक म्हणून त्येला काडला. काय झालं ते बगितलं न्हवं?"

"कुनी काडला?" नानासोंचा आवाज चढला. "मी काडला? मला इचारलं कुनी?"

कोंडीबाचे हात पायावरच थांबले.

"मी काडला," आप्पासो म्हणाला.

नानासो खालच्या आवाजात बोलले. "इचारलं असतंस तर काय सांगितलं असतं ठावं हाय? देवळात नगं, हितं पारावर उभा ऱ्हा म्हनलो असतो. माजा बा गेला तवा सप्ताह हुता. वीना न्हाई दिली मला, पर दोन तास पारावर उभं ऱ्हाऊन टाळ वाजिवलाय मी. सुतक म्हंजे मानसाला घरात कोंडून घालायचं आसं कुनी सांगितलं तुला? तू तवा पलटनीत हुतास, तुला काय म्हाईत."

आप्पासो पाराच्या कडेला टेकला. गावातून सोळा वर्षांचा असताना गेला आणि परत आला तेव्हा सगळं माहीत आहे असं धरून चालला. या माणसांच्या देवाला एवढीही जागा ठेवलेली असेल असं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"नानासो, मला देवाचं काय कळत न्हाई," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. बासष्टपासनं मी त्येला मानत न्हाई."

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं. कोंडीबा पुन्हा पाय चोळायला लागला.

"ते आमाला ठावं हाय की," कोंडीबा म्हणाला. "आरतीला तू नुस्तं वठ हलिवतूस. आवाज काडत न्हाईस."

"कवापासनं ठावं हाय?"

"पयल्या सालापासनं. मी पखवाजाला बसतो, तुज्या फुडंच. यादी बराबर असायची, मग कोन कशाला बोलंल?"

नानासोंनी हात झटकला. "ते जाऊ दे. त्या बाईचं बोला. पारावर बसंल ती. पर करंल काय? नुस्ती बसली तर घरात बसली काय आन् हितं बसली काय."

आप्पासोनं ते वाटेतच ठरवलं होतं. "कोंडीबाला झोप येती. तार थांबली की तिनं हाक मारायची."

"येती म्हंजे?" कोंडीबा म्हणाला. "मी उभ्यानं झोपतो. बैलावानी."

"आन् चार वाजता तिची बदली करायला दुसरी बाई आली पायजे," आप्पासो म्हणाला. "त्याबिगर तिनं उठायचं न्हाई. ती बाई तिला घरी न्हील, दोन घास पोटात जात्यात का बगंल. मग तिच्या मागं तिसरी. बायकांची यादी लावतो."

"सावडायचं ऱ्हायलंय अजून," नानासो म्हणाले.

"उद्या सकाळी सावडू. दुपारी बसंल."

नानासो उठले. जाता जाता म्हणाले, "एक सांगतो आप्पा. नाव कुनी काडलं म्हनून तिनं कवा इचारलंच, तर माजं सांग. तुजी यादी तिला पायजे. माज्याशी न्हाई बोलली तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर आप्पासो आणि सुलाबाई राहीबाईच्या घरी गेले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. भाकरी होती तशी झाकलेली होती.

आप्पासोनं सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला त्या इठोबाचं तोंड बगायचं न्हाई भावजी. दोन न्हेली त्येनं माजी."

"नका बगू वैनी. पाठ करून बसा. कान तेवढा देवळाकडं ऱ्हाऊ द्या."

"कशाला?"

"कोंडीबा झोपतो."

तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं. "त्येबी ह्येच म्हनत हुते," ती म्हणाली.

"काय?"

"कोंडीबा झोपंल म्हनून. दोन वाजलं की ह्या उंबऱ्यात येऊन बसायचे आन् कान द्यायचे. तीन दिस. तिसऱ्या दिशी म्हनाले, तार ऐकू येत न्हाई गं. आन् उठले. मला वाटलं देवळाकडं गेले."

सुलाबाईनं पदर तोंडाशी नेला. त्या दुपारी तार खरंच थांबली होती की आकारामाच्याच कानाला ऐकू आली नाही, हे त्यानं कोंडीबाला पुढं कधी विचारलं नाही. राहीबाईचं हे बोलणंही त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

राहीबाई पारावर आली. सुलाबाईच्या हाताला धरून आली आणि देवळाकडं पाठ करून निंबाच्या बुंध्याशी बसली. ऊन असं होतं की पाराचा दगड पायाला सोसत नव्हता. आत तार वाजत होती. साडेतीनच्या सुमाराला ती मंद झाली, आणखी मंद झाली. समोरच्या घराच्या सोप्यात आप्पासो कान देऊन बसला होता. राहीबाई हलली नाही. तार थांबायला आली तेव्हा तिनं मान न वळवता हाक मारली, "कोंडीबा!"

आतून कोंडीबा दचकून एवढ्या मोठ्यानं विठ्ठल म्हणाला की पारावरचं कुत्रं उठून पळालं.

चार वाजता तानुबाई आली. "उटा," म्हणाली, "माजी पाळी हाय." तिनं शेळ्याही बरोबर आणल्या होत्या. "ह्या माज्यात ऱ्हात न्हाईत. कालपासनं वरडून जीव खाल्ला. तुमच्या तुमी सांबाळा." शेळ्या खरं तर गपगुमान चारा खात होत्या, पण तानुबाईनं तसं ठोकून दिलं. राहीबाईनं दावी हातात घेतली.

सप्ताहाचे राहिलेले दोन दिवसही असेच गेले. काल्याला ना दूध होतं ना दही. कामावर मिळणारी सुकडी परातीत एकत्र केली आणि तिचाच काला वाटला. वीणा उतरली. सप्ताह संपला.

आप्पासोनं खांबावरची पुरुषांची यादी काढून टाकली, बायकांची राहू दिली. खालच्या बाजूला दुसरा कागद जोडला. पाण्याचा टँकर आला की नानासोंच्या आंधळ्या आईची घागर कुणी भरायची, तिथं राहीबाईचं नाव घातलं. दुपारी पारावर तिच्याबरोबर कुणी बसायचं, तिथं रोज एका बाईचं. सकाळी कामावर तिच्याबरोबर कुणी जायचं तेही लिहिलं. कुणी कुरकुरलं नाही असं नाही. "सप्ताह संपला, आता कसला पहारा?" म्हणणाऱ्या होत्याच. पण कागद देवळाच्या खांबावर होता. आप्पासोच्या घराच्या भिंतीवर असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. खांबावरची पाळी चुकवायला बायका भ्यायच्या. देवाला भ्यायच्या की एकमेकींच्या तोंडाला, हे आप्पासोनं कधी शोधलं नाही.

तेराव्याचं झालं. पाहुणे गेले. दुपारी आप्पासो टँकर कधी येणार ते सांगायला राहीबाईच्या दारात गेला. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "भावजी, त्येंचं नाव कुनी काडलं हुतं? नानासोनं?"

नानासोंनी उत्तर तयार करून दिलं होतं. एक हुंकार दिला असता तरी पुरलं असतं. खरं सांगितलं आणि तिनं कागद झुगारून दिला, पारावर यायचं सोडलं, बायकांना दारातून परत लावलं, तर पुढं काय होईल हे त्यानं एकदा बघितलं होतं. तिची विहीर तीच होती आणि अजून कोरडीच होती.

आणि खोटं सांगितलं तर आयुष्यभर तिच्या दारात येता आलं असतं, तिच्या हातचा चहा पिता आला असता.

"न्हाई," तो म्हणाला. "मी काडलं. नानासोला म्या इचारलंबी न्हाई."

शेळीचा पाय तिच्या हातातून सुटला.

"ते तुमच्या दारात आलं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"घरात बसून काय करू म्हनून इचारलं हुतं. मला सांगितलं त्येनी."

"व्हय वैनी."

ती उठली. आप्पासोला वाटलं, आता आत जाऊन दार लावणार. ती आत गेली, डोक्यावर पदर नीट घेऊन बाहेर आली आणि दाराला कडी घातली.

"तुमी माज्या दारात येऊ नगासा," ती म्हणाली. "कवाच येऊ नगासा. बायकांस्नी येऊ द्या."

मग ती त्याच्या अंगावरून गेली. तो मागं वळून बघत राहिला. ती रानाच्या वाटेला लागली नाही. देवळाला वळसा घालून पारावर गेली, रोजच्या जागेवर बसली. त्या दिवशी तानुबाईची पाळी होती. ती पाठोपाठ आली आणि काही न विचारता तिच्याशेजारी टेकली.

पाऊस त्या वर्षी पडला. तलाव भरला. त्यानंतरच्या प्रत्येक चैत्रात आप्पासो यादी लिहीत राहिला, आणि पाचव्या ओळीत वीणेकऱ्याच्या नावापुढं राहीबाईचं नाव लिहीत राहिला. ती दर वर्षी येऊन बसायची. सुतक केव्हाच फिटलं होतं. नानासो म्हणाले, आता आत बस. ती आत गेली नाही आणि देवळाकडं तोंडही केलं नाही. शेळ्यांची पिलं झाली, तिनं ती वाढवली. त्याच तलावाच्या कडेला तानुबाईबरोबर बसून ती हसताना लोकांनी बघितली. आप्पासोशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. सुलाबाई आजारी पडली तेव्हा तिनं महिनाभर तिची चूल सांभाळली. पण आप्पासो रानात गेल्यावर यायची आणि तो परतायच्या आत जायची.

एकोणऐंशी सालच्या सप्ताहातली गोष्ट. आप्पासो खांबाला कागद चिकटवत होता. राहीबाई आली आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण सहा वर्षांत तिची वेळ बदललेली नव्हती. शेजारून कुणाची तरी सून चालली होती, चौथी शिकलेली. राहीबाईनं तिला थांबवलं आणि म्हणाली, "बाय, माजी येळ कोन्ची लिवलीया, तेवढी बगून सांग गं."

आप्पासो कागद धरून तिथंच उभा होता.

"दोन ते चार," ती सून म्हणाली.

"बरं," म्हणून राहीबाई गेली.